पाळी जाताना आणि गेल्यावर जिभेची आग होते तेव्हा: तपासणीपासून उपचारापर्यंतचा क्रम

सकाळी उठल्यावर तोंड ठीक असतं. दहा-अकराच्या सुमारास जिभेच्या शेंड्याला चुरचुर सुरू होते, दुपारनंतर ती ओठांच्या आतल्या बाजूला आणि टाळूला पसरते आणि रात्री आठ-नऊपर्यंत गरम चहानं जीभ पोळावी तशी आग होऊ लागते. गंमत म्हणजे जेवायला बसलं की बरं वाटतं. तोंडाला कडवट किंवा लोखंडासारखी चव असते, कोरड पडल्यासारखं वाटतं. आरशात बघावं तर जीभ छान गुलाबी, ना फोड ना चट्टा. पंचेचाळिशी ते साठीतल्या बायका हे सांगायला येतात तेव्हा त्यांना आधी कुठेतरी ठरलेली उत्तरं मिळालेली असतात: "उष्णता झालीय", "पाळी जातेय ना, मग असं व्हायचंच", नाहीतर "टेन्शन घेऊ नका".

मी दातांची डॉक्टर आहे आणि तोंडाच्या आजारांच्या तक्रारी बघते. या उत्तरांनी होणारं मोठं नुकसान म्हणजे पुढची तपासणीच थांबते. पाळी जाण्याचं वय हे नीट शोध घेण्याचं कारण आहे. तिथेच निदान झालं असं समजून चालत नाही.

या दुखण्याला बर्निंग माऊथ सिंड्रोम म्हणतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तोंड-चेहऱ्याच्या वेदनांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार आग रोज दोन तासांपेक्षा जास्त आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ होत असली पाहिजे, तोंडाच्या आतली त्वचा दिसायला निरोगी हवी आणि दुसरं कुठलंही कारण सापडता कामा नये. या शेवटच्या अटीकडे सर्रास दुर्लक्ष होतं. रक्तातलं लोह कमी, बी-१२ कमी, साखर वाढलेली, कवळीखाली बुरशी अशी कितीतरी कारणं अशीच आग लावतात आणि ती उपचारांनी बरी होतात. ती शोधून झाल्यावरच हे नाव द्यायचं.

हार्मोन्सचा संबंध कुठे येतो

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. आपल्याकडे हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, पण हार्मोन्सची चढउतार त्याआधी काही वर्षं चालू असते. तोंडाच्या आतल्या त्वचेत आणि लाळेच्या ग्रंथींत इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश घेणाऱ्या जागा असतात. त्यामुळे इस्ट्रोजेन घटल्यावर काहींची त्वचा पातळ आणि नाजूक होते, लाळ कमी किंवा चिकट होते. हे सगळ्यांनाच होतं असं नाही.

दुसरा धागा मज्जातंतूंचा. २००५ साली इटलीतल्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या जिभेच्या बाजूचे सूक्ष्म तुकडे तपासले, तेव्हा वरच्या थरातले बारीक मज्जातंतू निरोगी लोकांपेक्षा बरेच विरळ झालेले आढळले. म्हणजे जीभ बाहेरून धडधाकट दिसली तरी आतलं 'वायरिंग' बिघडलेलं असू शकतं. पाळी गेल्यावर मज्जातंतूंचं रक्षण करणारे काही स्टेरॉइड शरीरात कमी बनतात आणि दीर्घकाळच्या ताणामुळे ते आणखी घटतात, असा एक सिद्धांत २००९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी मांडला. तो पूर्ण सिद्ध झालेला नाही, पण हे दुखणं याच वयात का गाठतं याचा बऱ्यापैकी उलगडा त्यातून होतो. चव ओळखणाऱ्या मज्जातंतूचं काम मंदावलं की वेदनेवरचा लगाम सैल होतो, असाही एक विचार आहे. कडवट चव आणि आग बरोबरच का येतात, हे त्यातून समजतं.

तिसरा संबंध आडवळणाचा आहे, आणि आपल्याकडे मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. पाळी जाण्याआधीच्या दोन-चार वर्षांत कित्येक बायकांना अंगावरून खूप जातं. महिन्याला आठ-दहा दिवस रक्तस्राव, गाठी पडणं, "या वयात असंच असतं" म्हणून सहन करणं. त्यातून शरीरातलं लोह संपत जातं. लोह संपलं की जिभेवरची बारीक खरखर झिजते, जीभ गुळगुळीत आणि चकचकीत होते, ओठांचे कोपरे फाटतात आणि तिखटाचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. इथे मूळ कारण बऱ्याचदा हार्मोन्सच, पण उपाय लोहाचा आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन रक्तस्रावाचं कारण शोधण्याचा. जिभेला जेल लावून काही साधत नाही.

पायरी पहिली: नेमकं दुखणं कोणतं ते ओळखा

"तोंड दुखतं" यात फार गोष्टी येतात. एक साधी वही घ्या आणि आठवडाभर सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणाआधी आणि रात्री झोपताना शून्य ते दहापैकी किती आग किंवा दुखणं आहे तो आकडा लिहा. शेजारी जागा लिहा: जिभेचा शेंडा, कडा, ओठ, टाळू, हिरड्या, एखादा दात, जबडा. जेवताना कमी झालं की वाढलं, झोपेतून जाग आली का, हेही टिपा. डॉक्टरांच्या खोलीत मिळणाऱ्या पाच मिनिटांत ही वही अर्धं काम करते.

दोन्ही बाजूंना सारखी, दिवस चढेल तशी वाढणारी, जेवताना कमी होणारी आणि झोप न मोडणारी आग असेल तर बर्निंग माऊथची शक्यता जास्त. एरवी काही नाही पण तिखट तोंडात टाकलं की आग होते, असं असेल तर त्वचेचा आजार, बुरशी किंवा लोह, बी-१२ची कमतरता आधी शोधायची. तिखटानं आग आणि तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, अशी जोडी असेल तर सुपारीमुळे होणारा सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाची आतली त्वचा कडक होत जाण्याचा आजार, मनात आलाच पाहिजे.

चेहऱ्याच्या एकाच बाजूला विजेचा झटका बसावा तशी काही सेकंदांची कळ, तीही दात घासताना, वारा लागल्यावर किंवा तोंड धुताना येत असेल तर तो ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूचा आजार असू शकतो. पन्नाशीनंतर आणि बायकांमध्ये तो जास्त दिसतो. त्याची औषधं वेगळी आहेत आणि दात काढून तो जात नाही. एक्स-रेमध्ये काही सापडत नाही पण एक दात किंवा काढलेल्या दाताची जागा महिनोन्‌महिने ठणकते, हाही मज्जातंतूंच्या वेदनेचाच प्रकार आणि तोही मध्यमवयीन बायकांमध्ये जास्त. या प्रकारात बाईचे भलतेच हाल होतात. आधी एका दाताचं रूट कॅनाल, मग शेजारच्याचं, मग दोन्ही दात बाहेर, आणि दुखणं जिथल्या तिथे. सिद्ध कारण हाती नसताना कुणी दात काढायला सांगितलं तर दुसरा सल्ला घेतल्याशिवाय खुर्चीत बसू नका.

कानापुढे दुखणं, जबड्याचा खट्‌ आवाज, सकाळी गाल आणि कानशिलं आखडल्यासारखी वाटणं हे जबड्याच्या सांध्याचं आणि स्नायूंचं लक्षण. रात्री घाम येऊन झोप मोडत असेल आणि झोपेत दात करकरा खाल्ले जात असतील तर ते वाढतं. हिरड्या लालभडक, ब्रश लागला की साल निघते, रक्त येतं, तर लायकेन प्लानस किंवा पेम्फिगॉइडसारखा त्वचेचा आजार तपासायला हवा. हेही याच वयात दिसतात आणि 'पायरिया' म्हणून वर्षानुवर्षं नुसती दातांची सफाई होत राहते.

दोन गोष्टींसाठी वही वगैरे काही नको. जिने चढताना किंवा चालताना जबडा भरून येतो, सोबत घाम, धाप, मळमळ किंवा छातीत दडपण, तर तो हृदयाचा झटका असू शकतो. बायकांमध्ये छातीत न दुखता जबड्यात दुखणं हेही त्याचं रूप असतं. दाताच्या दवाखान्याची वेळ विचारत बसू नका, १०८ ला फोन करा. दुसरं, अन्न चावताना जबडा थकून दुखू लागतो, कानशिलाला हात लावला तरी दुखतं, नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी फिजिशियनकडे जा. हे क्वचित दिसतं, पण उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

पायरी दुसरी: स्वतःचं तोंड नीट बघा

दिवसाउजेडी आरशासमोर उभ्या राहा, मोबाइलचा टॉर्च लावा. कवळी असेल तर काढून ठेवा. खालचा ओठ उलटा करा, दोन्ही गाल बोटानं ताणा, टाळू बघा. मग जिभेचा शेंडा स्वच्छ रुमालात धरून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ओढा. जिभेच्या कडेचा मागचा भाग कुणीच बघत नाही, आणि जिभेचा कर्करोग कडेलाच जास्त होतो.

पांढरी साय जमल्यासारखा थर असेल तर बुरशीची शंका. तो पुसला जातो आणि खाली लाल दिसतं. गालाच्या आत जाळीसारख्या पांढऱ्या रेषा लायकेन प्लानसच्या असतात. न पुसला जाणारा पांढरा चट्टा, मखमली लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा हाताला लागणारी गाठ असेल तर आग होत असो वा नसो, लगेच दाखवा. तपासणीसाठी छोटा तुकडा काढायला सांगितला तर घाबरू नका. तुकडा काढला की आजार पसरतो, हा गैरसमज आपल्याकडे फार जीव घेतो.

आता तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. स्वतःची तीन बोटं मावायला हवीत. दोनच मावत असतील तर लिहून ठेवा.

आणि स्वतःशी खरं बोला. सुपारीचं खांड, जेवणानंतरचा मसाला, पानातला जर्दा, सकाळची मिश्री. मिश्रीबद्दल बायका विचारल्याशिवाय सांगत नाहीत, कारण "ते तर दात घासायचं आहे" असं मनात असतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दिवसातून चार वेळा हिरड्यांना चोळायची आणि तोंडाच्या आगीसाठी गोळ्या खायच्या, हे जुळत नाही. सासूबाईंनी लावलेली तीस वर्षांची सवय एका दिवसात सुटणार नाही, हेही मला मान्य आहे. पण डॉक्टरांपासून लपवू नका, सोडायला मदत मिळते.

पायरी तिसरी: लाळ मोजा

कोरड वाटणं आणि लाळ खरोखर कमी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उपचारही वेगळे. खोकल्याच्या औषधासोबत मिलिलिटरच्या खुणा असलेलं झाकण येतं, ते धुऊन घ्या. दीड तास आधीपासून काही खाऊ-पिऊ नका, दात घासू नका. खुर्चीत बसून मान थोडी पुढे झुकवा, आहे ती लाळ एकदा गिळा आणि घड्याळ लावा. पुढची पंधरा मिनिटं न गिळता, न चोखता तोंडात आपोआप जमणारी लाळ त्या झाकणात सोडत राहा. फेस बाजूला ठेवून वाचा. पंधरा मिनिटांत दीड मिलिलिटरपेक्षा कमी भरली तर लाळ खरोखर कमी आहे.

तसं असेल आणि डोळ्यांतही वाळू गेल्यासारखं खुपत असेल, कोरडी पोळी पाण्याशिवाय गिळता येत नसेल, सांधे दुखत असतील तर स्योग्रेन सिंड्रोमची तपासणी करून घ्या. हा स्वतःच्याच ग्रंथींवर हल्ला करणारा आजार प्रामुख्यानं बायकांना आणि बहुधा चाळिशी-साठीच्या दरम्यान होतो. बहुतेकींच्या बाबतीत मात्र लाळ कमी होण्याचं कारण औषधांच्या डब्यातच असतं.

पायरी चौथी: घरातलं काय थांबवायचं, काय नाही

सगळं एकदम थांबवलं तर नेमका फरक कशानं पडला ते कळत नाही. एका वेळी एक गोष्ट आणि तिला साधारण दोन आठवडे द्या.

आधी टूथपेस्ट. दालचिनी, लवंग, झणझणीत पुदिना किंवा खूप फेस देणारी असेल तर बदला. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली, सौम्य चवीची पण फ्लोराइड असलेली घ्या. लाळ कमी असताना फ्लोराइड सोडलं तर हिरडीलगत दात किडतात. मग माऊथवॉश. अल्कोहोल असलेला बंद करा. कोमट पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा किंवा किंचित मीठ पुरतं. दुखऱ्या जागी लवंगेचं तेल लावणं तर अजिबात नको, त्यानं त्वचा भाजते.

कवळी रात्री काढायचीच. ब्रश आणि साबणाच्या पाण्यानं धुऊन साध्या पाण्यात ठेवा. सैल झालेली, दहा-बारा वर्षांची कवळी बदलून घेणं हाच कित्येकदा पूर्ण उपचार ठरतो.

औषधांची यादी करा, आणि इथे थांबा. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल या गटातल्या गोळ्यांमुळे काहींना तोंडाची आग होते. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, लघवीवर ताबा ठेवण्याची औषधं, नैराश्य किंवा मज्जातंतूंच्या वेदनेसाठीच्या ॲमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या तोंड कोरडं करतात. तरी यातली एकही गोळी स्वतःहून बंद करायची नाही. आग कधी सुरू झाली आणि गोळी कधी सुरू झाली त्या तारखा समोरासमोर लिहा आणि गोळी ज्यांनी दिली त्यांना दाखवा, पर्याय असतात.

बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने घेण्याची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. तोंड आलं की बी-कॉम्प्लेक्स. दोन कारणांसाठी आवरा: रक्त तपासण्याआधी घेतल्या तर बी-१२ची कमतरता झाकली जाते, आणि बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर मज्जातंतूंनाच इजा होते. तोंडात लावायचं स्टेरॉइडचं मलमही न दाखवता आणू नका. बुरशी असेल तर ते तिला खतपाणी घालतं.

पायरी पाचवी: कुणाकडे जायचं आणि कोणते रिपोर्ट काढायचे

या दुखण्याचे खरे जाणकार म्हणजे ओरल मेडिसिनचे दंततज्ज्ञ. प्रत्येक डेंटल कॉलेजात हा विभाग असतो आणि केसपेपर काढला की पहिली तपासणी बहुतेक तिथेच होते. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं डेंटल कॉलेज. खर्च खासगीच्या मानानं अगदीच कमी. रांग असते, सकाळी लवकर जा.

रक्ताच्या तपासण्यांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-१२, फोलेट (हेही एक बी जीवनसत्त्व), उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एवढं किमान हवं. झिंक आणि स्योग्रेनच्या तपासण्या लक्षणांवरून ठरतात. नुसतं हिमोग्लोबिन बघून "रक्त चांगलं आहे" म्हणू नका. हिमोग्लोबिन घसरण्याच्या कितीतरी आधी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, रिकामा होतो आणि जीभ तेव्हाच कुरकुरायला लागते. उलट लोह फार कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं, म्हणून साखर दोन्ही प्रकारे बघायची. शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ हमखास बघा. बुरशीची शंका असेल तर तोंडातला स्वॅब.

डॉक्टरांपुढे जाताना वही, औषधांची यादी, सगळे जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या. एका प्लास्टिकच्या पिशवीतून अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, दोन वेगवेगळी जेल, घडी पडून फाटलेलं प्रिस्क्रिप्शन आणि एक मोठा एक्स-रे असं टेबलावर ओतलं गेलं की पहिली दहा मिनिटं जुळवाजुळवीतच जातात.

पायरी सहावी: उपचार

कारण सापडलं असेल तर आधी तेच. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर निम्मी वाया जाते, दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लोहात चार तास. लोहाचा साठा भरायला काही महिने लागतात, हिमोग्लोबिन सुधारलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. बी-१२ इंजेक्शननं घ्यायचं की गोळीनं, हे कमतरता किती आणि कशामुळे यावर ठरतं. बुरशीला तोंडात लावायचं बुरशीनाशक लागतं, आणि त्याच दिवसांत कवळीही स्वच्छ झाली नाही तर ती परत येते. बारा महिने पाळी बंद राहिल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर मात्र तोंडाचं सगळं बाजूला ठेवून आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.

सगळं तपासून झालं, सगळं ठीक आलं आणि आग तशीच आहे, तेव्हा खरा बर्निंग माऊथ सिंड्रोम. इथे अपेक्षा नीट ठेवायला हवी. उपचारांचे पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात २३ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या आणि कोणत्याही एका उपचाराच्या बाजूनं भक्कम पुरावा मिळाला नाही. याचा अर्थ उपचारच नाहीत असा लावू नका. कुणाला काय लागू पडेल ते एकेक करून बघावं लागतं. दहापैकी आठवर असलेली आग तीन-चारवर आली, तर मी तो उपचार यशस्वी धरते.

क्लोनाझेपामची गोळी तोंडात चोखणं हा त्यातल्या त्यात बरा अभ्यासलेला उपाय. २००४ च्या एका फ्रेंच चाचणीत एक मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा चोखून, लाळ न गिळता दुखऱ्या जागी तीन मिनिटं धरून मग थुंकायला सांगितलं होतं, आणि ज्यांनी खरं औषध घेतलं त्यांची आग खोट्या गोळीवाल्यांपेक्षा जास्त कमी झाली. हे झोपेच्या गटातलं, सवय लागू शकणारं औषध आहे. मात्रा आणि दिवस डॉक्टरच ठरवतील. थुंकलं तरी थोडं शरीरात जातं, त्यामुळे गुंगी येऊ शकते आणि रात्री उठताना तोल जातो. दुसरी झोपेची गोळी चालू असेल तर आधी सांगा. शेजारणीची गोळी घेऊन बघणं तर नकोच.

पोटात घ्यायच्या औषधांत ॲमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत, गॅबापेंटिन, प्रिगॅबलिन, ड्युलोक्सेटिन वापरतात. ॲमिट्रिप्टिलिननं तोंड कोरडं पडतं, म्हणून लाळ मोजलेली असणं इथे कामी येतं. अंगातून गरम वाफा येऊन रात्री झोपच लागत नसेल तर गॅबापेंटिनबद्दल विचारा. त्यानं गरम वाफाही कमी होतात, एका दगडात दोन पक्षी. अल्फा लिपोइक ॲसिड हे पूरक औषध बरेच जण लिहून देतात. काही चाचण्यांत गुण आला, काहींत नाही. खिशाला परवडत असेल तर दोन महिने बघावं, गुण नाही आला तर सोडून द्यावं. मिरचीतल्या कॅप्सेसिननं चूळ भरण्याचाही एक उपाय आहे, पण सुरुवातीला आग आणखी भडकते आणि बहुतेक जणी तिथेच हात जोडतात.

कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीचं, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचं नाव काढलं की "म्हणजे मी वेडी आहे का?" हा प्रश्न येतो. दुखणं खरंच आहे, मज्जातंतूंचं आहे. पण चिंता आणि अपुरी झोप त्याचा आवाज वाढवतात आणि ही थेरपी तो आवाज कमी करायला शिकवते. कॅन्सरची भीती हा यातला मोठा भाग असतो. "हे कॅन्सरचं लक्षण नाही, तपासून झालं आहे" हे डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितल्यावर आकडा उतरताना मी पाहिला आहे. डॉक्टर आपणहून सांगत नसतील तर तुम्ही विचारा.

पायरी सातवी: हार्मोन थेरपीचा प्रश्न

इस्ट्रोजेन कमी झालं म्हणून आग, मग इस्ट्रोजेन दिलं की आग बंद, असं सरळ गणित नाही. हार्मोन थेरपीनं जिभेची आग हमखास कमी होते याचा ठाम पुरावा नाही, आणि फक्त त्यासाठी ती घेऊ नये असं माझं मत. पण गरम वाफा, रात्रीचा घाम, योनीमार्गाचा कोरडेपणा यांनी तुम्ही बेजार असाल तर त्यासाठी ती प्रभावी आहे. झोप सुधारली की तोंडाच्या आगीलाही काहींना उतार पडतो. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केली तर निरोगी बाईच्या बाबतीत फायदा-तोट्याचं पारडं बरं असतं. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव यांतलं काही असेल तर बहुधा नाहीच. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनच्या गटातलं औषधही लागतं. हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञाचा, दातांच्या डॉक्टरचा नव्हे.

हाडं ठिसूळ झाल्याबद्दल ॲलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिड सुरू होणार असेल तर त्याआधी किडलेले, हलणारे दात बघून घ्या. ही औषधं चालू असताना दात काढला तर जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. तो कमी आहे, पण आधी काम उरकलं तर तोही बराचसा टळतो.

रोजचं जेवण आणि सवयी

ठेचा, लोणचं, टोमॅटो, चिंच-कोकम, अननस, वाफाळता चहा यांपैकी काय सोसत नाही ते वहीतूनच कळेल. सगळंच सोडून भात-दह्यावर राहू नका, आधीच लोह आणि प्रथिनं कमी असतात. फोडणीत मिरची कमी करून जिरं, धणे, ओलं खोबरं, साजूक तूप वाढवलं तर आमटी बेचव होत नाही. निर्जळी उपासाच्या दिवशी आग वाढते असं खूप जणी सांगतात. पाणी पिऊन उपास करावा, देव रागावत नाही.

आग भडकली की बर्फाचा छोटा खडा चोखा किंवा गार पाण्याचा घोट धरून ठेवा. साखर नसलेलं च्युइंगगम लाळ वाढवतं. गोड गोळ्या किंवा खडीसाखर दिवसभर तोंडात ठेवणं मात्र दातांना महागात पडतं. सब्जा, गुलकंद, जिऱ्याचं पाणी यांनी बरं वाटत असेल तर जरूर घ्या (मधुमेहात गुलकंद सोडून), फक्त त्यांच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नका. ज्येष्ठमधाची काडी रोज चघळत असाल तर जपून, दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं.

नवं औषध सुरू केल्यावर वही पुन्हा काढा आणि सहा ते आठ आठवड्यांनी पहिल्या आठवड्याचे आकडे शेजारी ठेवा. काहीच हललं नसेल तर औषध बदलायला सांगा, मात्रा स्वतः वाढवू नका, आणि गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन, क्लोनाझेपाम एकदम थांबवूही नका, ती हळूहळू उतरवायची असतात. निदान पक्कं झालेलं असलं तरी दर सहा महिन्यांनी तोंड दाखवून या. आग सवयीची झाली की जिभेच्या कडेला आलेली नवी जखमही "तेच जुनं" म्हणून राहून जाते.